पेन्ड्रॅगन, पाचवी आवृत्ती: अलाइनमेंटच्या नऊ चौकटींना कंटाळलेल्या टेबलासाठी तेरा जोड्या

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या खेळात कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, 'केऑटिक गुड' (बेशिस्त पण भला) असं अलाइनमेंट, म्हणजे पात्राचा नैतिक कल, लिहिलं जातं आणि नंतर महिनोन्महिने त्या शब्दांकडे कुणी बघत नाही. बघितलंच तर भांडणापुरतं. फायटर (योद्धा) बांधलेल्या कैद्याला मारायला निघतो, पॅलडिन (धर्मयोद्धा) त्याला "तू गुड आहेस ना?" म्हणून अडवतो, डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, निवाडा करावा लागतो आणि सेशनचा अर्धा तास वाया जातो. चूक खेळाडूंची नाही. शीटवरचा तो शब्द खेळात काहीच करत नाही, त्यामुळे त्याचा अर्थ ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो. ज्यांच्या टेबलावर हे वारंवार होतं त्यांनी एकदा 'किंग आर्थर पेन्ड्रॅगन' उघडावं. कॅरेक्टरची नीतिमत्ता आकड्यांत धरून ती खरोखर चालवून दाखवणारा याहून चांगला खेळ माझ्या मते नाही. दोषही आहेत, आणि त्यातला एक बराच मोठा आहे.

पुस्तकाची ओळख थोडक्यात. ग्रेग स्टॅफर्ड यांनी हा खेळ लिहिला आणि केऑसियम या कंपनीने तो १९८५ मध्ये काढला. पाचवी आवृत्ती २००५ ची, तिची शेवटची सुधारित छपाई ५.२ या क्रमांकाची. सहाव्या आवृत्तीचं मुख्य पुस्तक २०२४ मध्ये आलं. परस्परविरोधी स्वभावगुणांच्या तेरा जोड्यांचा गाभा तिथेही तोच आहे, पण खाली दिलेले आकडे पाचव्या आवृत्तीचे आहेत. सगळे खेळाडू दंतकथेतल्या ब्रिटनच्या राजा आर्थरच्या काळातले नाइट (घोडेस्वार सरदार-योद्धे) असतात. जादूगार, चोर, एल्फ यातलं काही मिळत नाही. आधार मुख्यतः मॅलरी या इंग्रज लेखकाच्या पंधराव्या शतकातल्या आर्थरकथेचा. लढाई, जमीन, घोडे, लग्न, मुलंबाळं हे सगळं पुस्तकात आहे, पण इथे मी फक्त नीतीची यंत्रणा बघणार आहे: ट्रेट (स्वभावगुण), पॅशन (उत्कट भावना) आणि ऑनर (मानमर्यादा).

आधी ज्याच्याशी तुलना करायची ते. १९७४ च्या मूळ डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये अलाइनमेंट तीनच होती: लॉ, न्यूट्रॅलिटी, केऑस (व्यवस्था, तटस्थता, अनागोंदी). कोण कोणत्या बाजूने लढतो एवढंच त्यातून कळायचं. १९७८ च्या अॅडव्हान्स्ड प्लेयर्स हँडबुकपर्यंत गुड-इव्हिलचा दुसरा अक्ष जोडला जाऊन नऊ चौकटी झाल्या, आणि बाजू सांगणारा शब्द स्वभाव सांगू लागला. घोळ तिथून सुरू झाला. पहिल्या आवृत्तीत अलाइनमेंट बदललं की एक लेव्हल जायची, दुसऱ्या आवृत्तीत पुढच्या लेव्हलसाठी दुप्पट एक्सपी (अनुभवाचे गुण) लागायचे. म्हणजे माणूस बदलला तर दंड. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) असा दंड नाही, पण अलाइनमेंटचं कामही तिथे जवळपास संपलं. 'डिटेक्ट इव्हिल अँड गुड' हा मंत्रसुद्धा आता समोर फीन्ड (सैतानी जीव) आहे की अनडेड (मेलेला पण हिंडणारा) हे सांगतो, समोरचा माणूस दुष्ट आहे का ते नाही. आयडियल, बाँड, फ्लॉ (ध्येय, जिव्हाळा, उणीव) आले, त्यानुसार खेळलं तर इन्स्पिरेशन, म्हणजे फासा टाकताना फायदा देणारं बक्षीस, मिळतं. पण ते द्यायचं डीएमच्या लक्षात राहायला हवं आणि बहुतेक टेबलांवर ते राहत नाही.

पेन्ड्रॅगनमध्ये स्वभावाला एक शब्द नसतो. शीटवर तेरा जोड्या असतात: संयमी आणि कामुक, उद्योगी आणि आळशी, क्षमाशील आणि सूडबुद्धीचा, उदार आणि स्वार्थी, प्रामाणिक आणि कपटी, न्यायी आणि मनमानी करणारा, दयाळू आणि क्रूर, नम्र आणि गर्विष्ठ, धार्मिक आणि ऐहिक, सावध आणि अविचारी, मिताहारी आणि चैनी, विश्वासू वृत्तीचा आणि संशयी, शूर आणि भित्रा. प्रत्येक जोडीची बेरीज २०. दया १३ असेल तर क्रौर्य ७. दया एकाने वाढली की क्रौर्य आपोआप एकाने उतरतं. नव्या नाइटचं शौर्य १५, त्याच्या धर्माने वाखाणलेले पाच गुण १३, बाकी सगळं १०-१०, आणि खेळाडूच्या पसंतीचा एक ट्रेट थेट १६.

रोल, म्हणजे फासा टाकणं, असा होतो (डी-२० म्हणजे वीस बाजूंचा फासा, डी-६ म्हणजे सहा बाजूंचा). समजा शरण आलेला सॅक्सन (ब्रिटनवर चालून आलेल्या शत्रू टोळ्यांतला) सरदार गुडघ्यावर आहे आणि गेममास्टरने, म्हणजे इथल्या डीएमने, दयेचा रोल मागितला. डी-२० टाकायचा. १३ किंवा कमी आलं तर नाइट दया दाखवतो. वर गेलं तर क्रौर्यावर, म्हणजे ७ वर, पुन्हा टाकायचा. तो यशस्वी झाला तर नाइट क्रूर वागतो. दोन्ही फसले तर निर्णय खेळाडूचा. हिशेब केला तर १३-७ च्या जोडीला दयेची शक्यता ६५ टक्के, क्रौर्याची सुमारे १२ आणि मोकळीक मिळण्याची सुमारे २३. जोडी १६-४ ची असेल तर ८०, ४ आणि १६. आणि १०-१० असेल तर ५०, २५, २५. हे आकडे टेबलावर सगळ्यांना दिसतील असे लिहून ठेवा. कॅरेक्टर आपल्या हातातून गेलं असं नव्या खेळाडूंना वाटतं ते मुख्यतः ही विभागणी माहीत नसते म्हणून.

आता नियमांतली जी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते ती. ट्रेटचा रोल प्रत्येक वेळी मागायचाच नसतो. मधल्या पट्ट्यातल्या, म्हणजे १५ पर्यंतच्या ट्रेटला खेळाडू हवं तसं वागू शकतो; त्या वागण्याची नोंद तेवढी होते. एखादा ट्रेट १६ किंवा त्यावर गेला की तो नाइट त्या गुणासाठी पंचक्रोशीत ओळखला जातो आणि त्याच्या विरुद्ध वागायचं तर गेममास्टर रोल मागतो. १६ ची बाजू वाईट असली तरी नियम हाच. सूडबुद्धी १७ असलेल्या नाइटला शत्रूला सोडून द्यायचं असेल तर आधी स्वतःच्या सूडाला हरवावं लागतं. कीर्ती आणि बंधन एकाच आकड्यातून येतात. १६ किंवा त्यावरचा प्रत्येक ट्रेट दरवर्षी तेवढी ग्लोरी (कीर्तीचे गुण) देतो, म्हणजे दया १७ असेल तर वर्षाला १७, आणि क्रौर्य १७ असेल तरी १७. क्रूर नाइटचंही नाव होतं. इतिहासाशी हे प्रामाणिक आहे, आणि खेळ तुम्हाला चांगलं वागायला लाच देत नाही, ही मला या पुस्तकाची सर्वांत धीट गोष्ट वाटते.

बदल कसा होतो? प्रसंग मोठा असेल आणि नाइटने एखाद्या गुणाने वागून दाखवलं, तर गेममास्टर त्या ट्रेटसमोर टिक करायला सांगतो. एका ट्रेटला वर्षात एकच टिक. खेळातलं एक वर्ष म्हणजे साधारण एक साहसकथा, आणि तिच्या शेवटी हिवाळा येतो. हिवाळ्यात प्रत्येक टिकसाठी डी-२० टाकायचा. सध्याच्या आकड्यापेक्षा जास्त आलं तरच ट्रेट एकाने वाढतो. याचा परिणाम सावकाश समजून घ्यायला हवा. दया १६ असताना टिक मिळाली तर वाढायला १७ ते २० यावं लागतं, शक्यता २० टक्के. त्याच नाइटने त्या वर्षी एक क्रूर कृत्य केलं आणि क्रौर्याला टिक लागली, तर ४ च्या वर काहीही आलं की क्रौर्य ५, दया १५. शक्यता ८० टक्के. चांगलं नाव मिळवायला वर्षं लागतात आणि घालवायला एक दुपार पुरते, हे कुठल्याही उपदेशाशिवाय एका फाशात बसवलेलं आहे. उलट बाजूही तितकीच खरी: अट्टल क्रूर नाइटचं एक दयेचं कृत्यसुद्धा त्याला चटकन हलवू शकतं. सुधारणेला इथे एक्सपीचा दंड नाही.

हिवाळ्यात प्रशिक्षणाची एक संधी मिळते आणि तिच्यात कौशल्यं वाढवण्याऐवजी एखादा ट्रेट किंवा पॅशन एकाने हलवता येतो. हा सौदा चांगला आहे, कारण तलवार १५ वरून वर न्यायची की आळस कमी करायचा हे खेळाडूला खरोखर ठरवावं लागतं.

मोठा दोष आहे शिव्हलरीच्या (नाइटच्या आदर्श वागणुकीच्या) बक्षिसात. उद्योग, औदार्य, न्याय, दया, नम्रता आणि शौर्य या सहा ट्रेटची बेरीज ८० झाली की नाइट 'शिव्हलरस' ठरतो. त्याला वर्षाला १०० ग्लोरी आणि चिलखतात ३ अंकांची भर मिळते. साखळीचं चिलखत १० अंकांचं असताना १३ होणं म्हणजे मोठा फायदा. आता हिशेब करा. ब्रिटिश ख्रिश्चन नाइटच्या पाच धर्मगुणांत संयम आणि मिताहार यांच्या जोडीला उद्योग, औदार्य आणि नम्रता आहेत. हे तीन १३ प्रमाणे ३९, शौर्य १५ धरून ५४, दया १० धरून ६४. पसंतीचा १६ चा ट्रेट म्हणून न्याय घेतला की बेरीज बरोबर ८०. पहिल्या सेशनच्या आधी, एकही चांगलं काम न करता, नाइट शिव्हलरस झाला. रोमन ख्रिश्चनाला त्याच युक्तीने ७७ मिळतात. पेगन (ख्रिस्तपूर्व देवांना मानणाऱ्या) नाइटला ७४, कारण त्याच्या धर्मात गर्व हा गुण आहे, त्यामुळे नम्रता ७ वरच बसते. म्हणजे आदर्श म्हणून जे वर्षानुवर्षं कमवायचं ते एका धर्माच्या खेळाडूला शीट भरतानाच मिळतं. नव्या टेबलावर हे कळलं की दुसऱ्या कॅम्पेनला (सेशनांच्या सलग मालिकेला) सगळेच ब्रिटिश ख्रिश्चन आणि सगळेच न्यायी निघतात. उपाय सोपा आहे. मर्यादा ९६ करा, म्हणजे सहाही ट्रेटची सरासरी १६. मग शिव्हलरस नाइट टेबलावर क्वचित दिसतो आणि दिसला की तो का आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. आर्थरच्या राज्यारोहणाआधीच्या काळात हे बक्षीस बंदच ठेवावं, असंही माझं मत आहे. शिव्हलरीची कल्पना आर्थर आणतो. ती त्याच्या आधी चिलखतात मिसळलेली असणं कथेला मारक आहे.

धर्मगुणांची कल्पना मात्र उत्तम आहे आणि तिच्याकडे फार कमी समीक्षक लक्ष देतात. पेगन धर्म उद्योग, औदार्य, प्रामाणिकपणा, कामुकता आणि गर्व यांना मान देतो. सॅक्सनांचा वोटनपंथ औदार्य आणि गर्वाबरोबर ऐहिकता, अविचारी धाडस आणि चैन यांना. रोमन ख्रिश्चन क्षमा आणि दयेला. पाचही गुण १६ वर नेले तर त्या-त्या धर्माचा शारीरिक फायदा मिळतो. खेळ एकच नैतिक मोजपट्टी सगळ्यांवर लादत नाही. सॅक्सन मेजवानीत यथेच्छ पिणारा योद्धा त्याच्या लोकांत सज्जन आहे आणि शेजारी बसलेल्या रोमन ख्रिश्चन नाइटच्या नजरेत वाया गेलेला, आणि दोघांच्याही शीटवर तीच एक जोडी आहे. 'गुड' आणि 'इव्हिल' असे दोन शब्द विश्वाच्या रचनेतच कोरून ठेवणाऱ्या खेळात ही जागाच मिळत नाही.

ट्रेटपेक्षा जास्त नाट्य पॅशनमध्ये आहे. सॉल्सबरी या मुलखातल्या नव्या नाइटला स्वामिनिष्ठा, कुटुंबप्रेम, आतिथ्य आणि ऑनर प्रत्येकी १५, आणि सॅक्सनांचा द्वेष तीन डी-६ टाकून. पॅशन जोडीने येत नाही, एकटा उभा असतो. संकटाच्या क्षणी खेळाडू स्वतः तो पणाला लावतो. पॅशन १५ असेल तर ७५ टक्के वेळा यश, आणि यश म्हणजे हातातल्या कामाच्या कौशल्याला १० ची भर. तलवार १५ ची २५ होते. वीसच्या वरचे पाच अंक फाशात मिळवायचे असल्याने १५ ते २० यातला कुठलाही आकडा क्रिटिकल (सर्वांत मोठं यश) ठरतो, म्हणजे ३० टक्के. एरवी फक्त बरोबर १५ आल्यावर, पाच टक्के. क्रिटिकलला दुखापतीचे फासे दुप्पट. घरच्या माणसांसाठी लढणारा नाइट इतरांना भारी का पडतो, ते इथे हातात फासे घेऊन कळतं.

किंमतही तेवढीच. रोल फसला, म्हणजे १५ च्या पॅशनला १६ ते १९ आलं, तर नाइट खचतो आणि त्या प्रसंगात सगळ्याला वजा ५. वीस आला तर पॅशन एकाने उतरतो आणि नाइटला वेड लागतं. शीट गेममास्टरकडे जातं, आणि तो कधी, कुठे, कोणत्या अवस्थेत सापडतो हे पुढच्या कथेत ठरतं. पाच टक्के हा धोका कमी वाटतो, पण चार नाइटांच्या टेबलावर सगळे प्रत्येक लढाईत पॅशन वापरू लागले तर वेडाचा प्रसंग लवकर येतोच. म्हणून पहिल्या सेशनपासून एक शिस्त लावा: पॅशन मागणाऱ्याने आधी एका वाक्यात सांगायचं की हा क्षण त्या पॅशनचा का आहे. 'सॅक्सन समोर आहेत म्हणून द्वेष' एवढ्यावर रोल देऊ नये. याच सॅक्सनांनी गेल्या वर्षी माझं गाव जाळलं, हे चालेल.

खरी मजा दोन पॅशन एकमेकांसमोर आले की. स्वामी सांगतो भावाला पकडून आण; निष्ठा १५, कुटुंबप्रेम १५. आर्थरचा नाइट लान्सलॉट याची सगळी शोकांतिका राणीवरचं प्रेम आणि राजावरची निष्ठा या दोन आकड्यांत मांडता येते, आणि स्टॅफर्ड यांनी यंत्रणा त्याचसाठी बनवली आहे हे जाणवतं. अशा वेळी गेममास्टरने मध्ये येऊ नये. दोन्ही पॅशन टाकू द्यावेत, आणि जो हरला त्याचा परिणाम हिवाळ्यात वसूल करावा.

ऑनर हा पॅशन असला तरी तो वेगळा हाताळावा लागतो, कारण त्याच्या घसरणीची यादी पुस्तकातच आहे. निःशस्त्र नाइटवर हल्ला केला तर वजा १, आप्ताची हत्या केली तर वजा ६, आणि ५ च्या खाली गेला तर नाइटपदच जातं. यादीतली कृत्यं आधीच वाचून दाखवा. खेळाडूला माहीत नसलेल्या नियमाने त्याचा ऑनर कापणं म्हणजे डीएमने 'तू आता इव्हिल झालास' म्हणण्यासारखंच आहे, आणि त्यातून सुटण्यासाठीच तर हा खेळ घेतला.

टेबलावर हमखास बिघडतं ते पुढे देतो. पहिलं म्हणजे रोलचा मारा. नवा गेममास्टर दार उघडायला सावधपणा, जेवायला मिताहार, झोपायला आळस असं मागत सुटतो, आणि दोन सेशनमध्ये खेळाडूंना वाटतं की आपण आपल्याच नाइटचे प्रेक्षक आहोत. एका सेशनला प्रत्येक खेळाडूमागे दोन-तीन ट्रेट रोल पुरतात. रोल तेव्हाच, जेव्हा मोह खरा आहे: परीच्या मेजवानीतलं ताट, खंडणीऐवजी मिळणारा सूड, खोटं बोलून टळणारी लढाई. आणि क्रम पाळा: आधी खेळाडूला विचारा तुला काय करायचंय, मग गरज असेल तर रोल. आधी रोल घेऊन नंतर विचारलं की विचारण्याला अर्थ राहत नाही.

दुसरी अडचण टिकची. गेममास्टर लढाईच्या नादात टिक द्यायला विसरतो आणि हिवाळ्यात शीट कोरी निघते. मग ट्रेट स्थिर राहतात आणि सगळी यंत्रणा अलाइनमेंटसारखीच मृत होते. टिकबरोबर कारणाचे दोन शब्द पेन्सिलने लिहायला लावा, 'कैदी सोडला', 'राजाशी खोटं'. हिवाळ्यात ते वाचून दाखवले की वर्षाचा आढावा आपोआप होतो. खेळाडूंनी स्वतःहून टिक मागण्याला मनाई करू नका, पण मागताना विरुद्ध बाजूची टिकही मान्य करायला लावा. दयेची टिक मागणाऱ्याने त्याच वर्षी घोडेवाल्या पोराला चाबकाने मारलं असेल तर शेजारचे खेळाडू आठवण करून देतातच.

तिसरी अडचण विषयाची आहे. कामुकता हा ट्रेट आहे, एका लोकसमूहाचा द्वेष हा पॅशन आहे, आणि फासा पडला की नाइट त्यानुसार वागतो. अनोळखी लोकांच्या टेबलावर, किंवा शाळकरी मुलं असतील तिथे, सुरुवातीलाच ठरवून घ्या की कामुकतेचा रोल फक्त मन विचलित झालं की नाही एवढं सांगेल, पुढचं कृत्य नाही. द्वेष एखाद्या जमातीऐवजी एका ठरावीक सरदारावर किंवा टोळीवर ठेवला तरी यंत्रणा तशीच चालते आणि कथा जास्त टोकदार होते. पुस्तक या बाबतीत मार्गदर्शन कमी देतं, आणि मला तो दोष वाटतो. स्त्री-नाइट खेळता येतात, पण पुस्तकातला समाज पुरुषी आहे. टेबलाने हे आधी बोलून ठरवलेलं बरं.

मांडणीबद्दलही तक्रार आहे. ट्रेट आणि पॅशन एका प्रकरणात, त्यांचा बदल हिवाळ्याच्या प्रकरणात, ग्लोरी आणखी कुठे. पहिल्या हिवाळ्याला पुस्तक मागेपुढे चाळत तास जातो. हिवाळ्याच्या पायऱ्या एका कागदावर लिहून घेतल्या तर हेच काम वीसेक मिनिटांत होतं.

'व्हँपायर' या रक्तपिपासू पात्रांच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीशी तुलना लोक नेहमी करतात, म्हणून तेवढी. तिथे ह्युमॅनिटी (माणुसकी) दहा चौकटींची, पापाला डाग लागतात, आणि सेशनच्या शेवटी उरलेल्या कोऱ्या चौकटींइतके डी-१० टाकून पश्चात्ताप तपासतात. सहा किंवा वर एक जरी आला तर वाचलात. ह्युमॅनिटी ७ आणि डाग दोन असतील तर एकच फासा, शक्यता निम्मी. माणुसकी गळत जाण्याची भीती दाखवायला हे अचूक आहे आणि शिकायला पेन्ड्रॅगनपेक्षा खूप सोपं. पण त्यात रस्ता मुख्यतः खाली जाणारा आहे. उदार पण संशयी, शूर पण आळशी असा माणूस त्या एका पट्टीवर मावत नाही.

सगळं कॅम्पेन बदलायची तयारी नसेल आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्सच चालू ठेवायचं असेल, तर जोड्या उसन्या घेता येतात. तेरा घेऊ नका, पाच घ्या: दया-क्रौर्य, प्रामाणिक-कपटी, उदार-स्वार्थी, सावध-अविचारी, शूर-भित्रा. सगळ्या १०-१०, प्रत्येकाने एक जोडी १३-७ आणि एक १६-४ करावी, कोणत्या बाजूला ते स्वतः ठरवावं. १६ च्या विरुद्ध वागायचं असेल तरच रोल. रोल मानून वागलं तर इन्स्पिरेशन, म्हणजे डीएमच्या आठवणीवर अवलंबून राहायला नको. टिकचा हिशेब दोन साहसांच्या मधल्या मोठ्या विश्रांतीत करा, प्रत्येक लाँग रेस्टला (पात्रांच्या रात्रीच्या विश्रांतीला) नाही. नाहीतर आठवड्याभरात संताचा खुनी होतो. अलाइनमेंटची ओळ शीटवरून खोडून टाका, दोन्ही ठेवले तर जुनी भांडणं परत येतात.

आपल्या इतिहासावर खेळ बेतायचा असेल तर ट्रेटपेक्षा पॅशन जास्त उपयोगी पडतात. शिवकाळासाठी स्वामिनिष्ठा, वतनाची ओढ, कुळाचा मान आणि इमान असे चार घेतले की पेच आपोआप उभे राहतात. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला तेव्हा मावळातल्या देशमुखांपुढे नेमका वतन की स्वामी हाच प्रश्न होता. कान्होजी जेधे शिवाजी महाराजांबरोबर राहिले, खंडोजी खोपडे खानाला मिळाले. दोघांवर दबाव एकच, मुलूखही शेजारचा. अशा प्रसंगी खेळाडूला वतन १६ आणि निष्ठा १५ असलेलं शीट द्या आणि दोन्ही फासे त्यालाच टाकू द्या. धर्मगुणांच्या जागी मात्र घाईने काही बसवू नका. पाच गुणांची यादी करून 'हा मराठ्यांचा स्वभाव' म्हणणं चुकीचं होईल. ती जागा रिकामी ठेवली तरी बाकी यंत्रणा अडत नाही.

घ्यायचं काय, तर आधी मुख्य पुस्तकाची पीडीएफ. बाहेरून छापील प्रत मागवण्याचा खर्च पहिल्या तीन-चार हिवाळ्यांनंतर, टेबल टिकलं तर करावा. प्रत्येकाला एक डी-२० आणि टेबलावर मिळून दहा-बारा डी-६ लागतील. साध्या नाइटची दुखापतच पाच डी-६ ची असते आणि क्रिटिकलला दहा. शीट पेन्सिलनेच भरा, दर हिवाळ्याला आकडे बदलतात. 'द ग्रेट पेन्ड्रॅगन कॅम्पेन' हे जाडजूड पुस्तक इ. स. ४८५ पासून ५६६ पर्यंत वर्षावर्षाने चालतं आणि नाइट मेला की त्याचा मुलगा बापाच्या ग्लोरीचा दहावा हिस्सा घेऊन पुढे येतो. ते लगेच घेऊ नका. आधी मुख्य पुस्तकावर तीन-चार वर्षांची छोटी कथा चालवा, शिव्हलरीची मर्यादा ९६ ठेवून. तेवढ्यात कोणाचा ट्रेट कुठे सरकला हे कळतं, आणि टेबलाला ऐंशी वर्षांचा खेळ झेपेल की नाही हेही.